तेरा हजार फुटाची वजनं

“कितने फुट पे है तू?” आप्पा फोनात वरडले.

मी त्यांच्या ओट्यावर ओवीला वरणभात भरवत बसले व्हते. आप्पा समद्यांना पयलं हेच इचारतात, म्हनून मी काय ध्यान दिलं न्हाई. पन स्पीकर चालू व्हता, आन् तिकडनं, लडाखच्या डोंगरातनं, नोर्बू म्हनाला, “ग्यारह हजार पे, उस्ताद. क्लच लगा दिया. तेरह वाला वजन डाला है. कल सुबह ऊपर वाले गाँव जाऊँगा, एक औरत को नीचे लाना है. दिन पूरे हो गए उसके.”

घास माझ्या हातातच ऱ्हायला. ओवी तोंड उघडून बसली, मग रडायला लागली, तरी मला सुचंना. कारन ते वजन तेराचंच आसंल ह्याचा काय भरवसा न्हवता. कशाचं व्हतं ते मलाबी ठावं न्हवतं. त्याच्यावर तेराचा आकडा मी घातला व्हता, माझ्या हातानं, नुसत्या अंदाजानं. दीड म्हयना झाला त्याला, आन् मी कुनाला सांगितलं न्हवतं.

आप्पा तर खुशीत. “शाबास! पन चढपे एकदम मत पिळना, हां! टर्बोको दम खाने दे!” म्हनाले आन् फोन ठिवला. मग माझ्याकडं बघून, “पोरी, तोंड का उतरलं? हवा पातळ झाली का काय?”

 ओवीला काखेत मारली आन् सुटले घराकडं.

आता आप्पा कोन ते आधी सांगते, न्हाईतर तुमाला वाटंल ही बाई दोन ग्रॅम लोखंडासाठी येवढी का भ्याली.

आप्पा आमचे शेजारी. इनामगावात आमच्या दोघांच्या घरात एक बाभळीचं कुंपन, तेबी मोडकंच. आप्पा मिलिट्रीत मेकॅनिक व्हते. लई वर्सं बर्फात काढली त्यांनी. तिथं बर्फावर चालायची गाडी असती, स्नो स्कूटर म्हनतात. म्होरं दोन पट्ट्या, मागं चेन, बसायला स्कूटीवानी सीट. त्या गाड्यांचे क्लच आप्पा बसवायचे. ज्या उंचीवर गाडी जायची त्या उंचीचा क्लच. रिटायर होऊन आले ते मनगटावर उंची दावनारं घड्याळ बांधूनच आले, आन् ते घड्याळ आजून काढलं न्हाई. टाइम इचारला की म्हनतात, “टाइम मोबाइलमदी बघ. ह्यात फुटं हायेत.”

गावातल्या एकेक उंबऱ्याची उंची त्यांनी मोजलीय. आमच्या उंबऱ्यावर खडूनं लिवून गेले, तर आमच्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हनते, त्या म्हनाल्या, “आप्पा, पुसा ते. लोकं म्हनतील घरावर जप्ती आली.” मारुतीच्या पायरीवर लिवलं. नदीकडंच्या पांढरीच्या टेकाडावर, जिथं लई जुन्या काळच्या लोकांची घरं आन् मडकी घावली, तिथं मोठी मोठी शिकलेली मानसं बघायला येतात, त्यांना आप्पा सांगत व्हते, “ती लोकं हितं का ऱ्हायली ठावं हाय का? उंची बराबर हाय हितली. चूल नीट पेटती.” त्यातल्या एका बाईंनी ते वहीत लिवूनबी घेतलं.

लग्नाच्या बैठकीत त्यांना बोलवायची सोय न्हाई. पोरीकडच्यांना पयला प्रश्न, “तुमचं गाव किती फुटावर?” समोरचा म्हनतो, “आमचं बागायत हाय.” आप्पा म्हनतात, “बागायत आसूद्या. फुटं किती?”

आन् कुठं काय बिनसलं की एकच बोल. बँकेतली बाई वसकली, हवा पातळ हाय. डीपी जळाला, हवा पातळ हाय. आमचा सरपंच निवडून आला आन् वरीसभरात पडला, तर आप्पा म्हनाले, “एकदम वर गेला. दम काढायला पायजे व्हता. हवा पातळ.”

माझी स्कूटीबी त्यांनीच खोलली. मी सांगितलं न्हवतं. माझं म्हायेर पाबळचं. एक दिवस आवरून भायेर आले तर स्कूटीचं पोट उघडं, आप्पा खाली बसलेले. मी म्हनलं, “आप्पा, चालू व्हती की हो ती!”

“चालू व्हती. पन पाबळ वर हाय. चारशे फुटाचा फरक हाय, पोरी. तुझ्या स्कूटीत बी वजनंच हायेत, ही बघ, गोळ्या. बर्फावरच्या गाडीची ही धाकटी भैन. वर जायचं तर हलकी वजनं, खाली यायचं तर जड.”

म्हंजी म्हायेरी जाताना हलकी आन् सासरी येताना जड. हे आमा बायकांना कुनी शिकवायला लागतं का? आत्या पदर लावून हसल्या त्या दिवशी.

त्याच दिवशी त्यांनी मला टर्बोबी समजावला. मी आठवी शिकले, पन मला कळलं. वर हवा कमी, तर इंजनाला दम लागतो, मानसाला लागतो तसाच. मग क्लचातली वजनं जड आसली तर इंजन त्या वजनाखाली दबून जातं, चढावर मरतं. म्हनून वरच्याला हलकी वजनं घालायची. आन् टर्बो म्हंजी फुंकनी. वलं लाकूड आसलं तरी फुंकनी मारली की पेटतं का न्हाई? तसा टर्बो फुंकून फुंकून इंजनाला हवा देतो. “म्हनून दर दोन हजार फुटाला साध्या गाडीचं चार ग्रॅम कमी करावं लागतं, तिथं टर्बोचं दोनच,” आप्पा म्हनाले. “पन दोन म्हंजी दोन. आन् क्लचात वजनं तीन असतात, ती तिन्ही सारखी पायजेत. एक जड एक हलकं झालं की क्लच थरथरतो, त्याच्यावरचा पट्टा तुटतो. मग बसा बर्फात. कोन येतंय तिथं?”

ते शेवटचं माझ्या डोक्यात बसलं व्हतं. कोन येतंय तिथं.

नोर्बू म्हंजी त्यांच्या पोस्टवर रॉकेलचे डबे वाहनारा हमाल. आप्पांनी त्याला पाना धरायला शिकवलं. आता त्याच्या गावात अशी एक टर्बोवाली गाडी हाय, टुरिस्टवाल्या कुनीतरी जुनी झाली म्हनून देऊन टाकलेली. थंडीत रस्ता बंद झाला की आजारी मानूस, बाळंतीन, समदं त्या गाडीच्या मागं घसरगाडी बांधून खाली आनायचं. आन् त्या गाडीचा क्लच दर वर्साला पार्सलनं आमच्या इनामगावात येतो. उन्हाळ्यात येतो. आमी पंख्याखाली घाम पुसतोय आन् आप्पा कानटोपी घालून बर्फाचा क्लच खोलतायत. कानटोपी का, तर म्हनं डोकं गाडीच्या हिशोबात ऱ्हातं.

पार्सल आलं की आप्पा धा वर्सांनी लहान व्हतात. दाढी करतात. शिट्टी वाजवतात.

वजनांचे चार जोड हायेत त्यांच्याकडं, तीनतीनचे, म्हंजी बारा. नऊ हजार फुटाचा, अकराचा, तेराचा, पंधराचा. दिसायला समदी एकसारखी, बोटायेवढी वाकडी लोखंडं. त्यांनी ती शिरूरला नेऊन सोनाराच्या काट्यावर तोलली व्हती. सोनार म्हनला, “आप्पा, हे लोखंड हाय.” आप्पा म्हनाले, “तुझ्याकडं सोनं घेऊन येनाऱ्यांचा जीव वाचतो का त्यानं? तोल गप.” त्यानं तोललं, आप्पांनी वहीत लिवलं, आन् परत्येकावर पांढऱ्या मार्करनं आकडा घातला. नऊ, अकरा, तेरा, पंधरा. ते आकडेच त्यांचे डोळे, कारन खऱ्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, आन् आपरेशनचं नाव काढलं की हवा पातळ व्हती.

यंदा नोर्बूला वरच्या गावालाबी जायचं व्हतं, तेराच्या खिंडीतनं. म्हनला, तेराला बसवून द्या.

क्लच बसवायच्या आधी खंडेनवमी आली. आप्पांची हत्यारं धुऊन मांडायचं काम काकी करायच्या, आप्पांच्या मालकीन. त्या गेल्या, मग दोन वर्सं आत्यांनी केलं. यंदा आत्यांचं गुडघं धरलं, म्हनून मी गेले. आप्पा झेंडू आनायला निघालेले. म्हनाले, “वजनांना पानी लावू नको हां, गंजतील. नुसती पुसून ठिव.”

मी पानी न्हाईच लावलं. पन ती लई मेनचटलेली व्हती हो. सनाची पूजा, देवाम्होरं मांडायची, आन् अशी काळी? आमच्या मालकांनी सांगितलेलं ध्यानात व्हतं की ग्रीस पेट्रोलनं निघतं. मालक कंपनीत असतात, त्यांना ठावं असतं. मी स्कूटीतनं वाटीभर पेट्रोल काढलं, चिंधी बुडवली, आन् बाराच्या बारा अशी चकचकीत केली की त्यात तोंड दिसावं. मांडली ओळीनं. मग बघितलं. आकडे गेलेले.

 एकबी आकडा न्हाई. बारा लोखंडं, समदी एका आईची.

तवाच सांगायला पायजे व्हतं. पन मी घाबरते हो. लहानपनापासनं. शाळेत पाटी फुटली तर ती पाटी मी शेनाच्या ढिगात लपवली व्हती. मला वाटलं आप्पा वरडतील, मग आत्यांना कळंल, मग मालकांना, मग “हिला येक काम धड येत न्हाई.” मार्कर तिथंच व्हता, खिडकीत. मी एकेक वजन तळहातावर घेतलं, लाडू वळताना तोलतो तसं, आन् जे जड वाटलं त्यावर नऊ, मग अकरा, मग तेरा, हलकं वाटलं त्यावर पंधरा. दोन ग्रॅम कुठं हाताला कळतं? मेथीचे चार दानेबी कळत न्हाईत. पन मी लिवलं. आप्पा आले, हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली, आन् म्हनाले, “चमकावली की गं! तुझ्या काकीनंबी येवढी चमकावली न्हवती.”

दसऱ्यानंतर त्यांनी त्यातली तेरा लिवलेली तीन क्लचात बसवली, संगं अकराची आन् पंधराची तीनतीन जादा दिली, आसावीत म्हनून, आन् पार्सल गेलं. मी मनाला समजावलं. बरोबर आली असतील. काय व्हतंय. येवढ्याशा लोखंडानं काय व्हतंय.

आन् आता नोर्बू म्हनत व्हता, दिवस भरलेली बाई.

घरी आले तर आत्या शेंगा फोडत बसलेल्या. त्यांना समदं सांगितलं, रडत रडत. त्यांनी आयकलं आन् म्हनाल्या, “गप बस आता. कुनाला सांगायचं न्हाई. गाडी हाय, चालंल न्हाईतर बंद पडंल. माझ्या लेकाच्या कंपनीची बस दोनदा बंद पडली ह्या म्हयन्यात.”

“आवो, ती बर्फात बंद पडंल.”

“मग ढकलतील. त्या म्हाताऱ्याचं खेळनं हाय ते. तू कशाला तोंड काळं करून घेती?”

मी गप बसले. खरंच बसले. घंटाभर बसले आसंन. पन ओवी मांडीवर झोपलेली, आन् मला ओवीच्या टायमाची आठवन येत व्हती. कळा दुपारीच सुरू झाल्या, मालक कामावर, गाडी मिळंना. आप्पांनी कुनाचातरी पिकअप आनला, उसाचं पाचट तसंच मागं, आन् मला म्होरं बसवलं. शिरूरपतुर त्यांचं तोंड बंद न्हवतं. “आता आपन अठराशे तीसवर हाय. आता अठराशे दहा. बघ, उतार लागला. उतारावर मानूस हलकं व्हतं, पोरी. अठराशे.” मी वरडत व्हते, आत्या देवाला हाका मारत व्हत्या, आन् आप्पा फुटं मोजत व्हते. तवा मला राग आलेला त्यांचा. पन त्या मोजन्याला धरूनच मी दवाखान्यापतुर गेले, हे मला लई नंतर कळलं. आन् त्या वाटंवर गाडीनं एकदा आचका दिला व्हता. एकदाच, घोडनदीच्या अलीकडं. त्या आचक्याला माझा जीव कुठं गेला व्हता ते मलाच ठावं.

ओवीला आत्यांच्या पुढ्यात झोपवली आन् मी उठले. “चालली कुठं?” “आले.” “आगं ए बये!” पन मी कुंपनातनं गेलेबी.

आप्पा ओट्यावर चहा पीत व्हते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, एका दमात. पेट्रोल, आकडे, तळहात, समदं. सांगून झालं तरी मी बोलतच व्हते, तेच तेच.

आप्पांनी कप खाली ठिवला. आता ते वरडतील म्हनून मी डोळं मिटलं. ते म्हनाले, “तिन्ही सारखी हायेत का न्हाई, येवढंच सांग.”

“ठावं न्हाई, आप्पा.”

“हितं किती ऱ्हायली?”

“तीन. नऊ लिवलेली.”

“आन. आन् कपाटातनं वजनांची निळी वही आन.”

फोन लावला. लागंना. नोर्बूच्या गावात रेंज अशी न्हाईच, तो घराच्या माळवदावर चढला तरच. आप्पांनी परत लावला. परत. मी मोजलं न्हाई, पन ऊन ओट्यावरनं भिंतीवर चढलं. मधीच आप्पा उठले, रस्त्यानं चाललेल्या एका पिकअपवाल्याला हाळी दिली आन् ती तीन वजनं त्याच्या हातात दिली, “शिरूर लांब पडंल, न्हावऱ्याच्या सोनाराकडं जा, तोलून फोन कर, पळ.” बास.  मी तिथंच उकिडवी बसले. पिकअपवाल्याचा फोन आला. अडुसष्ट ग्रॅम, सहासष्ट, चौसष्ट. तिन्ही तीन तऱ्हेची.

“चौसष्ट म्हंजी तेराचं,” आप्पा म्हनाले. “तेराचं एक हितं हाय. न्हावऱ्यात. मग तिथं दोनच हायेत, आन् तिसरं जे बसलंय ते भलतंच.”

 ते वजन न्हावऱ्यातल्या सोनाराच्या काट्यावर, आन् ती बाई तिकडं.

दिवस कलायच्या येळंला फोन लागला. आप्पांनी नोर्बूला सांगितलं, वर जायचं न्हाई. क्लच खोल. गावात सोनार हाय का?

नोर्बू म्हनला, “सोनार? उस्ताद, यहाँ तो दुकान एक ही है. शिलाजीत बेचता है.”

“तो शिलाजीत क्या पायलीसे देता है? ग्रॅमसे देता है ना? उसका काटा ला!”

काटा आला. नोर्बू एकेक वजन ठिवायचा आन् आकडा सांगायचा, आन् मी वहीतनं बघून सांगायचे ते कशाचं. आप्पांना वही दिसत न्हवती. त्या वहीत आकडे इंग्लिश, आप्पांचा सात एकासारखा, आन् घाईत माझी ओळ सुटायची. आप्पा म्हनाले, “सावकाश. दम खा. तुझ्याइतकं कुनाला दिसत न्हाई हितं.” मी ओळीवर बोट दाबून धरलं. नऊ वजनं झाली. दोनच चौसष्ट. मी दोनदा बघितलं. दोनच. सहासष्टची दोन, बाकी भलतीच. आन् क्लचात जी बसली व्हती त्यातलं एक चौसष्ट, एक अडुसष्ट, एक बासष्ट.

नोर्बूनं ती तीन परत तोलली. मग म्हनला, “उस्ताद, ये तो आधे रास्ते में पट्टा तोड़ देता.”

“व्हय,” आप्पा म्हनाले. हिंदीबी इसरले. मग खाकरले. “कानस है? सहासष्ट वाला एक ले. चपटे बाजूसे घास, दोनो तरफ सारखा, टोकको हात नहीं लगाना. घास, तोल. घास, तोल. चौसष्टपे रुक. एक दाना भी नीचे गया तो दूसरा ले. दो हैं तेरे पास.”

“उस्ताद,” नोर्बू म्हनला, “ये नंबर उलटे कैसे हुए? आपसे?”

मी तोंड उघडलं. आप्पांनी हात वर केला, माझ्याकडं न बघता, ट्रॅफिक पोलिसावानी.

“मुझसे हुआ. आँख गई है मेरी. निशान मिट गए थे, मैंने अंदाजसे डाल दिए.”

तिकडनं कानशीचा आवाज सुरू झाला. वाऱ्याचा आवाज येत व्हता फोनात.

दुसऱ्या दिवशी मी भाकरीबी नीट थापली न्हाई. दुपारी आप्पांनी कुंपनावरनं हाळी दिली. ती बाई खाली आली. गाडीनं चढावर दम धरला, उतारावर बी धरला. दवाखान्यात पोचल्यावर चार घंट्यांनी बाळंत झाली. पोरगी. आत्यांनी आयकलं आन् देवाम्होरं साखर ठिवली, मला म्हनाल्या, “बघ, मी म्हनलं व्हतं ना, पोचंल गाडी.”

तो दिवस मी नुसती हसत व्हते. उगाच. ओवीला उचलून उचलून.

मग पंधरा दिवस गेले, म्हयना गेला. नोर्बूचा फोन येईना. आधी आठवड्याला यायचा. मी एकदा इचारलं. आप्पा म्हनाले, “आला व्हता एकदा. चांगला बोलला. म्हनला, उस्ताद, अब आराम करो. आँख का इलाज करवाओ. इधर एक मिस्त्री मिल गया है, वो बिठा देगा.” आप्पा हसले. “बरोबर हाय त्याचं. त्याच्या गाडीवर बाया-मानसं बसतात. आंधळ्याच्या हातचा क्लच कोन लावील? मीबी लावला नसता.”

“आप्पा, पन तुमी आंधळ्यानं केलंच न्हाई ते. मी केलं. मी सांगते त्याला.”

“न्हाई सांगायचं.”

“का पन?”

आप्पांनी ओट्यावर बघितलं. ओवी तिथं त्यांचा एक जुना पाना घेऊन आपटत बसली व्हती, टन टन टन.  मग म्हनाले, “तुझं नाव कळलं तर तो दोन शब्द वाकडे बोलंल. तू आधीच भ्यालेली. मग तू म्हनशील, नको बया, आप्पाच्या वस्तूला हात नको, आप्पाच्या ओट्यावर जायला नको. नोर्बूला मिस्त्री मिळाला, पोरी. मला हितं दुसरं कोन येतंय?”

असं म्हनून ते पाना घ्यायला वाकले, तर ओवीनं दिला न्हाई.

कानटोपी आता खुंटीलाच असते. दाढी दोनदोन आठवडे वाढती. आताशा ते कुनाला फुटंबी इचारत न्हाईत. परवा पाव्हनं आलं, आप्पांच्या म्होरनं गेलं, आप्पा नुसते “या” म्हनाले. आत्यासुदिक म्हनाल्या, “ह्यांना काय झालं गं?”

नोर्बूचा नंबर माझ्या मोबाइलमदी हाय. त्या दिवशी काम झाल्यावर वहीचा फोटो त्याला मीच धाडला व्हता, परत चूक नको म्हनून. एक फोन केला की झालं. उन्हाळ्यात पार्सल परत येईल, आप्पा शिट्टी वाजवतील. पन आप्पांनी सांगितलंय न्हाई करायचा. त्यांचा शब्द मोडला तर त्या ओट्यावर मी कुठल्या तोंडानं बसू? आन् न्हाई मोडला तर ते असे मूग गिळून बसलेले मी रोज कुंपनातनं कशी बघू?

दोनदा नंबर काढला मी. दोनदा ठिवून दिला. तुमीच सांगा, माझ्या जागी तुमी असता, तर काय केलं असतं?